चिंध्यांची बाराखडी

गोधडी अंथरावयाची असते, पांघरावयाची असते, फार तर उन्हात वाळत घालावयाची असते. ती वाचावयाचीही असते असे आपणांपैकी कोणास लहानपणी कोणी सांगितल्याचे आठवणार नाही. परंतु गेल्या शंभरसव्वाशे वर्षांत अशा काही गोधड्या निर्माण झाल्या की त्यांवरची अक्षरे वाचण्यासाठी लांबलांबून माणसे आली, वाचता वाचता थांबली, आणि एखाद्या नावापाशी खाली बसली. त्या गोधड्यांची हकीकत आज आपणांपुढे ठेवावयाची आहे.

आम्ही शिंपी नव्हे आणि इतिहासाचे पदवीधरही नव्हे. कामगारांच्या सभा भरविणे, फलक तयार करून घेणे, आणि हजेरीपटावर कोणाचे नाव आहे व कोणाचे नाही याचा मालकाकडे तगादा लावणे, हा आमचा गेल्या तीसेक वर्षांचा उद्योग. नावांच्या या तगाद्यातूनच आम्ही या विषयाकडे वळलो. पुढे जे मिळेल ते वाचीत गेलो.

प्रथम अक्षर कसे होते ते पाहू. कारण हात कसा चालतो हे कळल्यावाचून त्याचा इतिहास कळत नाही.

कापडावर अक्षर उमटविण्याच्या मुख्य रीती तीन. पहिली दोऱ्याने भरण्याची. ती भरतकामात आपण पाहतो. दुसरी, अक्षर कापून ते दुसऱ्या कापडावर ठेवून कडेने शिवण्याची. आपल्याकडे ठिगळ लावतात त्यातलीच ही रीत. तिसरी जोडकामाची. हिच्यात अक्षर भुईवर बसविलेले नसते. अक्षराचे तुकडे आणि भुईचे तुकडे काठाला काठ लावून जोडीत जावयाचे आणि त्या जोडण्यातूनच अक्षर उभे राहावयाचे. भुई आणि अक्षर दोन्ही एकाच पातळीवर, एकाच शिवणीत. आमच्या बोलण्याचा भर या तिसऱ्या रीतीवर आहे.

इंग्रजी ‘एल’ घ्या. भुईच्या रंगाचा एक चौकोनी तुकडा घेतला, त्याच्या डाव्या अंगाला काळी पट्टी जोडली, खालच्या अंगाला दुसरी काळी पट्टी जोडली, की ‘एल’ झाला. ‘ई’ला थोडी युक्ती लागते. काळी, पांढरी, काळी, पांढरी, काळी अशा पाच आडव्या पट्ट्या एकाखाली एक जोडावयाच्या आणि मग डाव्या बाजूस एक उभी काळी पट्टी लावावयाची. ‘ओ’ हा गोल. पण सरळ शिवणीला गोल जमत नाही. म्हणून मध्ये पांढरा चौकोन, भोवती चार काळ्या पट्ट्या, आणि बाहेरचे चारही कोपरे छाटून तेथे चार पांढरे त्रिकोण. जवळून पाहिले तर ती चौकट दिसते, दहा पावले मागे सरले की ‘ओ’ दिसतो. ‘एस’ सर्वांत खट्याळ. त्याच्या दोन खाचा दोन विरुद्ध बाजूंना उघडतात, आणि एक तुकडा उलटा लागला की सारे उसवावे लागते.

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली शिवणीच्या मायेची. प्रत्येक जोडाला दोन्ही तुकड्यांची साधारण पाव इंच कड आत जाते. दोन्ही अंगांनी जोडावयाची पट्टी एक इंचाची कापली तर वर दिसते ती अर्ध्याच इंचाची. म्हणून इंचभर रेघ हवी असेल तर पट्टी दीड इंचाची कापावी लागते. वर न दिसणाऱ्या आणि तरी सगळे धरून ठेवणाऱ्या या कडेला आपल्या शिंप्यांनी ‘माया’ हे नाव दिले. ज्याने हा शब्द प्रथम वापरला त्याला भाषा चांगली कळत होती.

दुसरी गोष्ट मोकळ्या जागेची. शाईने लिहिताना अक्षरामागचा पांढरा कागद आपणांस फुकट मिळतो. जोडकामात काहीच फुकट मिळत नाही. ‘ओ’च्या पोटातला पांढरा चौकोनसुद्धा मोजून, कापून, शिवून बसवावा लागतो. दोन शब्दांमधली जागाही शिवावी लागते. कागदावर पाच सेकंदांत उरकणारे नाव येथे एक अख्खी दुपार घेते. ही दुपार कोणी कोणासाठी खर्च केली, हाच आमच्या विषयाचा गाभा आहे.

काही जणी ही अक्षरे आधी कागदावर आखून, साचे कापून करतात. काही जणी साचा मुळीच घेत नाहीत. हाताला येईल ती पट्टी, डोळ्याला वाटेल तेवढी कापून जोडतात. मग एक ‘ए’ लठ्ठ होतो, दुसरा कललेला. उंची कमी पडली तर वर भुईची एक पट्टी जोडून बरोबरी साधतात. अशा मनमोकळ्या अक्षरांवर टोन्या रिकुची या अमेरिकन बाईंनी २०१० साली एक पुस्तकच काढले. मात्र साच्यावाचून शिवण्याची ही वृत्ती पुष्कळ जुनी आहे, आणि तिचे एक प्रसिद्ध माहेर अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड नावाच्या खेड्यात आहे.

हे खेडे अलाबामा नदीच्या वळणात वसलेले. तीन बाजूंनी पाणी. येथील कृष्णवर्णीय कुटुंबे पूर्वीच्या गुलामांची वंशज असून कित्येकांचे आडनाव पेटवे आहे, म्हणजे ज्या मालकाच्या मळ्यावर पूर्वज राबले त्याचेच. १९४२ च्या सुमारास येथील मिसूरी पेटवे या बाईंचा नवरा वारला. त्याचे कामाचे कपडे, गुडघ्यावर विटलेल्या विजारी आणि उन्हाने उडालेले सदरे, त्यांनी फाडले आणि त्यांची गोधडी शिवली. तीवर एकही अक्षर नाही. पण कोणत्या गुडघ्याची ती विजार होती ते घरातल्या प्रत्येकाला वाचता येत होते. साठ वर्षांनी, २००२ साली, या गावच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर टांगल्या गेल्या. दरम्यान या गावाने दुसरेही काही पाहिले होते. मताधिकाराची चळवळ जोर धरीत असता, १९६२ साली, पलीकडच्या तालुक्याच्या गावी नेणारी नाव बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हावयास २००६ साल उजाडले. १९६६ साली त्याच परगण्यातील बायकांनी गोधड्या शिवून विकणारी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. ज्या हातांना कोणी कारागीर म्हटले नव्हते ते हात मजुरी मागू लागले, हे आम्हांस संग्रहालयाइतकेच मोलाचे वाटते.

आता कोणी विचारील, शाई स्वस्त आहे, छापखाने आहेत, मग हा अक्षरे शिवण्याचा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर तीन ठिकाणी मिळते: लंडनच्या रस्त्यावर, सिंगापूरच्या तुरुंगात आणि वॉशिंग्टनच्या हिरवळीवर.

इंग्लंडच्या कामगार संघांचे जुने ध्वज भव्य असत. जॉर्ज टुटिल याने १८३७ साली लंडनमध्ये कारखाना काढला आणि पुढे पुष्कळशा संघांचे ध्वज त्याच्याकडूनच होऊ लागले. रेशमी कापडावर चित्रकार रंग देत. रंगाला तडा जाऊ नये म्हणून कापडाला रबराचा लेप देण्याचे पेटंट त्याने १८६१ साली घेतले. असा ध्वज मिरविण्यास दोन काठ्या, कित्येक दोऱ्या आणि मजबूत गडी लागत. मताधिकार मागणाऱ्या स्त्रिया रस्त्यावर आल्या तेव्हा त्यांच्यापाशी असे ध्वज नव्हते, सुई होती. १३ जून १९०८ रोजी लंडनमध्ये त्यांची जी मोठी मिरवणूक निघाली, तिच्यासाठी मेरी लाउंड्स आणि त्यांच्या सहकारी कलावंत स्त्रियांनी कितीतरी ध्वज आखून, कापून, शिवून तयार केले. लाउंड्स यांचा मूळ व्यवसाय रंगीत काचांच्या खिडक्या करण्याचा. तुकड्याला तुकडा लावून दुरून वाचता येईल असे चित्र कसे उभे करावे, हे त्यांना शिकवावे लागले नाही.

दोन वर्षांनी त्याहून अधिक बोलकी गोष्ट घडली. ग्लासगोच्या कलाशाळेत भरतकाम शिकविणाऱ्या अ‍ॅन मॅकबेथ यांनी एक गोधडी योजिली. तुरुंगात उपोषण केलेल्या ८० स्त्रियांच्या सह्या एकेका कापडी तुकड्यावर भरावयाच्या आणि ते तुकडे जोडावयाचे. १९१० च्या एप्रिलमध्ये चळवळीसाठी भरलेल्या बाजारात ती विक्रीस ठेवली गेली. चळवळीच्या पुढारी एमेलिन पेथिक-लॉरेन्स यांच्याकडे ती आली आणि तिचा ध्वज झाला. १८ जून १९१० च्या मिरवणुकीत तुरुंगवास भोगलेल्या स्त्रियांनी तो उचलला. पांघरावयाची वस्तू अशी दोन महिन्यांत काठीवर चढली. तुरुंगाच्या दप्तरी त्या बायका गुन्हेगार म्हणून नोंदल्या होत्या. कापडावर त्यांनी स्वतःच्या वळणाने स्वतःचे नाव लिहिले, आणि आज संग्रहालयात लोक वाचतात ते हेच नाव.

दुसरे ठिकाण सिंगापूर. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी ते जपान्यांच्या हाती पडले आणि शेकडो गोऱ्या बायकामुलांना चांगी तुरुंगात कोंडण्यात आले. पुरुष वेगळ्या बाजूस. नवरा जिवंत आहे की नाही हे बायकोला कळण्याची सोय नाही. तेव्हा कॅनडाच्या एथेल मल्व्हनी यांनी युक्ती काढली. इस्पितळातील जखमींसाठी गोधड्या शिवावयाच्या असे सांगून त्यांनी परवानगी मिळविली. एक ब्रिटिशांसाठी, एक ऑस्ट्रेलियनांसाठी आणि, परवानगी मिळावी म्हणून, एक जपानी जखमींसाठीही. प्रत्येक गोधडीत ६६ चौकोन. प्रत्येक चौकोन एका बाईने भरावयाचा, त्यात आपल्या मनातले काही घालावयाचे आणि नाव लिहावयाचे. गोधड्या इस्पितळात गेल्या. नावे वाचली गेली. नवऱ्यांना कळले की आपली बायको जिवंत आहे, निदान ती गोधडी शिवली तेव्हा तरी होती. पहारेकऱ्याने कागद हिसकावला असता. पांघरूण मात्र त्याच्या डोळ्यांदेखत गेले.

तिसरे ठिकाण वॉशिंग्टन, आणि तेथे मात्र आपणांस जरा थांबावे लागेल.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांच्या चमत्कारिक आजाराची नोंद छापून आली. पुढे या रोगाला एड्स हे नाव पडले. तो मुख्यतः समलिंगी पुरुषांत दिसला म्हणून समाजाने तोंड फिरविले. कोठे अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे दुकानदार प्रेत घेईनात, कोठे आईबाप मुलाचे नाव उच्चारीनात. वर्तमानपत्रांतील मृत्युवार्तेत खरे कारण बहुधा नसे. देशाचे अध्यक्ष रीगन यांनी या रोगावर पहिले मोठे भाषण केले ते ३१ मे १९८७ रोजी. तोवर हजारो माणसे मेली होती.

सॅन फ्रान्सिस्को शहरात दरवर्षी २७ नोव्हेंबरला, १९७८ साली खून झालेले नगरसेवक हार्वे मिल्क आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांच्या स्मरणार्थ, मेणबत्त्यांची मिरवणूक निघे. १९८५ च्या मिरवणुकीच्या सुमारास क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याच्या ध्यानात आले की या एका शहरात एड्सने गेलेल्यांची संख्या हजारावर गेली आहे. त्याने मिरवणुकीतल्या लोकांस सांगितले, तुमच्या ओळखीचा जो कोणी गेला असेल त्याचे नाव पुठ्ठ्यावर लिहा. शिड्या लावून ते पुठ्ठे केंद्र सरकारच्या कचेरीच्या भिंतीवर चिकटविण्यात आले. खालून पाहताना जोन्सला ती भिंत आजीच्या गोधडीसारखी दिसली. १९८७ साली माइक स्मिथ आणि इतर सोबत्यांसह त्याने ‘नेम्स प्रोजेक्ट’ म्हणजे नावांचा प्रकल्प सुरू केला. स्वतः त्याने पहिला पट केला तो आपला मित्र मार्विन फेल्डमन याच्यासाठी.

पटाचे माप ठरले तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे एका माणसाच्या थडग्याएवढे. असे आठ पट जोडून बारा फुटांचा एक चौक. हिशेब बरोबर बसतो: अठरा चौरस फुटांचे आठ तुकडे म्हणजे १४४ चौरस फूट. सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवर एका गाळ्यात शिलाईयंत्रे मांडली गेली. ज्यांनी जन्मात सुई धरली नव्हती असे पुरुष येऊन अक्षरे कापू लागले. कोणी मित्राच्या गळपट्ट्यांची अक्षरे केली, कोणी त्याच्या जुन्या जीन्सची. कोणी रंगाने नाव काढले, कोणी दोऱ्याने भरले, कोणी मखमलीची पट्टी पट्टीला जोडली. पट पाठविणाऱ्यांस सूचना होती ती व्यवहाराची: कडेला दोनतीन इंच कापड जास्त सोडा, आणि डिंकावर विसंबू नका. हा पट वर्षानुवर्षे घडी घातला जाईल, उलगडला जाईल. चिकटविलेले अक्षर गळून पडेल, शिवलेले राहील. गर्ट मॅकमलिन नावाच्या बाई १९८७ साली आपल्या मित्रांचे पट घेऊन तेथे गेल्या आणि पुढे दशकानुदशके ते चौक शिवीत, उसवलेले पुन्हा टाचीत राहिल्या.

११ ऑक्टोबर १९८७ रोजी सूर्योदयाच्या वेळी वॉशिंग्टनच्या संसदभवनासमोरील हिरवळीवर ही गोधडी प्रथम उलगडली. तेव्हा १,९२० पट होते. पांढऱ्या कपड्यांतले स्वयंसेवक घडी घातलेल्या चौकाभोवती उभे राहत, एकेक कोपरा बाहेर उलटत, आणि कमळ उमलावे तसा तो चौक उघडे. त्याच वेळी नावे मोठ्याने वाचली जात होती. त्या शनिवार-रविवारी सुमारे पाच लाख लोकांनी ती पाहिली. पुढच्याच वर्षी पटांची संख्या ८,२८८ झाली. १९९६ च्या ऑक्टोबरात ती शेवटची संपूर्ण अंथरली गेली, तेव्हा हिरवळीचा सारा पट्टा झाकला गेला. त्यानंतर एवढी जागा मिळणेच कठीण झाले. आज तीत सुमारे ५०,००० पट आणि एक लाखाहून अधिक नावे आहेत. वजन सुमारे ५४ टन.

या अक्षरांत सारे काही गोड नाही. रॉय कोन हा मॅकार्थी यांच्या काळातला कुप्रसिद्ध वकील. स्वतः समलिंगी असून समलिंगी लोकांच्या मागे लागलेला. तो १९८६ साली याच रोगाने मेला. त्याच्या पटावर नावासह तीनच शब्द आहेत: दांडगा, भेकड, बळी. ज्याने ते शिवले त्याला राग होता, तरी तिसरा शब्द त्याने गाळला नाही. दुसऱ्या एका पटावर नावच नाही. आईबापांना मुलाचे नाव उघड करावयाचे नव्हते, म्हणून भावंडाने नावाविना पट शिवला आणि तसे त्यावर लिहून ठेवले. मोकळी जागाही शिवावी लागते असे आम्ही मघाशी म्हणालो, तिचा याहून जड दाखला आम्हांस माहीत नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. १९८७ च्याच मार्च महिन्यात न्यूयॉर्कमध्ये ‘अ‍ॅक्ट अप’ नावाची लढाऊ संघटना निघाली होती. औषधे लवकर मिळावीत, ती स्वस्त व्हावीत, यासाठी ती रस्ते अडवी, कचेऱ्यांवर चाल करून जाई. तिच्यातील कित्येकांचे म्हणणे असे की गोधडी पाहून लोक डोळे पुसतात आणि घरी जातात. सरकारला असे सुंदर दुःख परवडते. ११ ऑक्टोबर १९९२ रोजी, एकीकडे गोधडी अंथरलेली असता, या संघटनेच्या लोकांनी आपल्या माणसांची खरी राख नेऊन अध्यक्षांच्या निवासाच्या अंगणात कुंपणावरून फेकली. आम्ही ज्या धंद्यात आहो त्यामुळे आमचे मन प्रथम राखेकडेच ओढले गेले. शोकसभेने पगार वाढत नाही हे आम्ही तरुण कार्यकर्त्यांस अनेकदा सांगितले आहे. परंतु पुढे एका प्रसंगाने आम्हांस थोडे नमते घ्यावे लागले.

तो प्रसंग आमच्याच गावचा, म्हणजे सोलापूरचा. येथे शाळांचे गणवेश शिवण्याचा धंदा मोठा आहे. एका लहानशा कारखान्यात नगावर मजुरी घेणारी एक बाई अकरा वर्षे काज-बटणाचे काम करीत होती. ती वारली. घरच्यांच्या वतीने आम्ही देणे मागावयास गेलो तेव्हा मुनीमजींनी हजेरीपट पुढे टाकला आणि शांतपणे सांगितले की या नावाची बाई आमच्याकडे नव्हतीच. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगारांची नोंदवही बंधनकारक केली होती; पण वही असणे वेगळे आणि वहीत नाव असणे वेगळे. ज्याचे नाव नाही त्याची अकरा वर्षेही नाहीत.

कारखान्याच्या दारात निषेधाची सभा ठरली. आम्ही फ्लेक्स छापावयास सांगणार होतो. तिच्याबरोबरच्या बायकांनी नको म्हटले. ‘‘दादा, फ्लेक्स काय, चार दिसांत कुणाच्या तरी छपरावर जाईल,’’ त्यांतली एक वयस्क बाई म्हणाली, ‘‘ह्ये आमचं आमी करतो.’’ आठ दिवस रात्रीच्या जेवणानंतर त्या एकीच्या घरी बसल्या. कात्रण घरात होतेच: निळे, खाकी, पांढरे, चौकटीचे. त्यांनी तिचे नाव जोडकामाने उभे केले.

देवनागरीची गंमत आणि अडचण आम्हांस तेथे कळली. इंग्रजी अक्षरे एका ओळीत उभी राहतात. आपली तीन मजल्यांवर राहतात. मात्रा-वेलांटी माडीवर, अक्षर मधल्या मजल्यावर, उकार तळघरात. काना सर्वांत सोपा. तो एक उभी पट्टी. ‘ग’, ‘न’, ‘त’, ‘म’ यांचा अर्धा भार उभ्या दांड्यावर असतो, म्हणून तीही जमतात. गोल पोटाची अक्षरे कोपरे छाटून केली. मग सगळी एका उंचीला कापून, मध्ये पांढऱ्या पट्ट्या घालून, वरून एक लांब निळी पट्टी शिवली: शिरोरेखा. तोवर ती सुटीसुटी अक्षरे होती. ती पट्टी बसली आणि त्यांचे नाव झाले. वेलांटी मात्र सरळ पट्ट्यांना वळेना. शेवटी कॉलर कापताना उरलेला वळणाचा तुकडा एकीने वर ठेवून शिवला. आधी ठिगळाची आणि जोडाची रीत आम्ही वेगळी सांगितली. हात कामाला लागले की त्या एकत्र येतात.

आता मुद्दा. त्या आठ रात्री बायका नुसती अक्षरे शिवीत नव्हत्या. कोण केव्हा कामाला लागली, कोणत्या दिवाळीला कोणाला किती मिळाले, ती कोणत्या मशीनपाशी बसे, सगळे त्या बोलत होत्या. त्यातून, आमच्या कोणत्याही भाषणाशिवाय, त्यांचे ठरले की साक्ष द्यावयाची. साक्षीला उभे राहिले की काम जाते हे त्यांना आमच्याहून चांगले ठाऊक होते. सातजणी उभ्या राहिल्या. दोघींचे काम गेले. दोन वर्षांनी तडजोड झाली. रक्कम फार नव्हती. परंतु तडजोडीच्या कागदावर त्या बाईचे नाव कामगार म्हणून लिहिले गेले आणि मालकाने त्याखाली सही केली. दोघींना दुसरीकडे काम मिळवून देण्यास आम्हांस वर्ष लागले, हेही येथे सांगितले पाहिजे.

राख की गोधडी, या प्रश्नाचे आमचे उत्तर तेव्हापासून असे आहे: शिवलेले नाव हे वहीतल्या नावाच्या जागी चालत नाही. पण वहीतल्या नावासाठी भांडणारी माणसे पुष्कळदा शिवताना एकत्र येतात. पुठ्ठ्यांवरची नावे भिंतीवर चढली नसती तर रस्ता अडविणारेही कमी निघाले असते. आणि रस्ता कोणीच अडविला नसता तर गोधडी केवळ वाढत गेली असती.

त्या बाईचे नाव आम्ही येथे छापीत नाही. तिच्या घरच्यांस आम्ही तसे विचारलेले नाही. आणि नाव कोणाचे व ते कोठे उघड करावयाचे हे ठरविण्याचा अधिकार ज्याचे त्याचा आहे. आपल्या देशात एड्सच्या विषाणूची पहिली नोंद १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. येथेही रुग्णांना नोकरीतून, दवाखान्यातून, घरातून घालविण्यात आले. त्या अनुभवातून २०१७ साली झालेल्या कायद्याने संमतीवाचून अशा माणसाची ओळख उघड करण्यास मनाई केली. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. एका देशात नाव जाहीर करणे हा न्याय ठरला, दुसऱ्या देशात ते झाकता येणे हा न्याय ठरला. दोहोंचे मूळ एकच. नाव माणसाचे आहे; ते दप्तराचे नव्हे, मालकाचे नव्हे आणि वक्त्याचेही नव्हे.

ते कापड आमच्या कचेरीत आहे. दर १ मेला काढतो आणि पुन्हा घडी घालून ठेवतो. गेल्या खेपेस वेलांटीचे एक टोक उसवलेले दिसले. सभा सुरू व्हावयास थोडा अवकाश होता. त्या वयस्क बाईने पिशवीतून सुई काढली. पण आता तिला दोरा ओवता येईना. तो आम्ही ओवून दिला आणि टाका पुरा होईपर्यंत सभा थांबविली.